नेक्स्टक्लाउड आणि डॅव्हएक्स५: हेड ऑफिसचे नंबर साइटवर

बडोद्यात अलकापुरीला हेड ऑफिस, मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) शेड, हालोल आणि सावलीला साइट. असा पसारा असला की एकाच पार्टीचे चार ठिकाणी चार नंबर सापडतात. सर्व्हरवर नेक्स्टक्लाउड (सगळे नंबर एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर) आणि प्रत्येक अँड्रॉइड फोनवर डॅव्हएक्स५ (ते नंबर फोनशी जुळते ठेवणारं अ‍ॅप) ही जोडी त्यावर स्वस्त आणि चांगला इलाज आहे, पण कोणाला काय बदलू द्यायचं हे आधी ठरवलं असेल तरच. डॅव्हएक्स५ एफ-ड्रॉइड या फुकट अ‍ॅपच्या दुकानात फुकट मिळतं, प्ले स्टोअरवर विकत. आयफोनमध्ये कार्डडॅव्हची, म्हणजे सर्व्हर आणि फोनमधले नंबर जुळवण्याच्या पद्धतीची, सोय मुळातच आहे.

नेक्स्टक्लाउडमध्ये प्रत्येक फोनसाठी वेगळा अ‍ॅप पासवर्ड काढा. फोन हरवला तर तेवढाच रद्द करता येतो. आधीच उतरलेले नंबर मात्र त्या फोनमध्ये राहतात, हे विसरू नका.

‘साइटवरून टाकलेला नंबर ऑफिसात दिसत नाही’ ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा तो नंबर फोनच्या मेमरीत किंवा गुगल खात्यात सेव्ह झालेला असतो. कॉन्टॅक्ट्स अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये नव्या नंबरांसाठी डॅव्हएक्स५चं बुक (अ‍ॅड्रेस बुक) डिफॉल्ट करा. उलट दिशेने, म्हणजे ऑफिसचा बदल साइटवर उशिरा पोचत असेल, तर सिंकचा अवधी पाहा. तो मुळात ४ तासांचा असतो, १५ मिनिटांपर्यंत खाली आणता येतो. सोबत बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून अ‍ॅपला सूट द्या, नाहीतर फोनच त्याला झोपवतो.

खरी मेख वेगळीच आहे. कार्डडॅव्हमध्ये अख्खं कार्ड, म्हणजे एका संपर्काची सगळी माहिती, एक नग धरलं जातं. हालोलला कुणी मोबाइल नंबर बदलला आणि ते सिंक व्हायच्या आत ऑफिसने त्याच कार्डात ईमेल घातला, तर सर्व्हरचं कार्ड टिकतं आणि हालोलचा नंबर जातो. दोन्ही बदल जोडून घेतले जात नाहीत. म्हणून दोन प्रकारची बुकं ठेवा: ‘पार्टी’ फक्त ऑफिसने बदलायचं, साइटला नुसतं वाचायला, आणि प्रत्येक साइटचं आपलं एक बुक, त्यात हवं ते करा. नाहीतर एखादा पोरगा नोकरी सोडताना फोन साफ करायला बसेल आणि सगळ्यांच्याच फोनमधून पार्ट्या गायब होतील. ‘पार्टी’ बुकाची व्हीसीएफ फाइल (सगळ्या कार्डांची प्रत) आठवड्याला उतरवून ठेवावी ती यासाठीच.

जुनी यादी चढवण्याआधी साफ करा. नावावरून जुळवायला जाऊ नका, बडोद्यात पटेल आणि शाह किती निघतील! प्रत्येक कार्डाची ओळख म्हणजे त्याचा यूआयडी, म्हणजे त्या कार्डाचा वेगळा ओळख-क्रमांक. तो नसलेली एक्सेल यादी दुसऱ्यांदा चढवली की सगळं डबल. लँडलाइनचे नुसते सात आकडे साइटवरच्या मोबाइलवरून लागत नाहीत. +९१ २६५ लावूनच भरा.

कार्ड कोणी, कधी, कोणाच्या मंजुरीने बदललं याचा हिशेब हवा असेल, तर ही जोडी कामाची नाही. तिथे सीआरएमच (ग्राहकांच्या नोंदी सांभाळणारं सॉफ्टवेअर) घ्या.