एकट्याची हवा की डबलसीटची? साताऱ्याच्या रस्त्यांवर मोटारसायकलच्या टायरमधील दाब

मोटारसायकलच्या टायरमध्ये हवा किती ठेवावी, याची साताऱ्यात साधारण तीन उत्तरे मिळतात. कंपनीने एकट्या चालकासाठी सांगितलेला दाब, मागे माणूस बसल्यास कंपनीनेच सांगितलेला दाब, आणि कोणतीही गाडी आली तरी सवयीने भरला जाणारा ‘पुढे तीस, मागे चाळीस’ असा ठोक दाब. पहिले दोन आकडे गाडीसोबतच्या पुस्तिकेत आणि बहुधा चेनकव्हर किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर असतात. टायरच्या कडेवर छापलेला आकडा यांपैकी कोणताही नव्हे. तो टायरची कमाल मर्यादा सांगतो आणि तेवढी हवा भरायची नसते.

१०० ते १५० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना पुढे २५ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच, हवेचा दाब मोजण्याचे एकक), मागे एकट्यासाठी २८ आणि डबलसीटसाठी ३२ च्या आसपास दाब सांगितलेला असतो; काही गाड्यांचा डबलसीटचा आकडा चाळिशीपर्यंतही जातो. मागे बसणाऱ्याचे वजन मुख्यतः मागच्या चाकावर येत असल्याने पुढचा आकडा बहुधा बदलत नाही. म्हणूनच माझ्या मते ही निवड रस्ता पाहून करण्याची नाही, वजन पाहून करण्याची आहे. एमआयडीसीत रोज एकट्याने जाणाऱ्याला पहिला आकडा योग्य. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून गावाहून येणारा माणूस मात्र गाडीवर एकटा दिसला, तरी त्याने स्वतःला डबलसीटच समजावे, आणि पुस्तिकेतील वजनाची मर्यादाही एकदा पाहून घ्यावी.

ठोक दाबाची बाजू अगदीच लंगडी नाही. टायर कडक असला की गाडी हलकी पळते, ॲव्हरेज किंचित वाढते आणि हवा पुन्हा पाहण्याची वेळ लांबते. पण ज्या गाडीला एकट्यासाठी २८ सांगितले आहेत तिच्यात ४० भरल्यास टायर मधोमध फुगतो आणि रस्त्याला टेकणारा भाग आकसतो. सहा-आठ महिन्यांनी टायरवर हात फिरवून पाहावा: मधला पट्टा गुळगुळीत आणि दोन्ही कडांची नक्षी मात्र नवी असेल, तर हवा सतत जास्त राहिली असे समजावे. यवतेश्वर घाटात पावसाळ्यात वळणावर माती वाहून आलेली असते. तेथे ब्रेक दाबताना हा आकसलेला भाग महागात पडतो. त्या किंचित ॲव्हरेजसाठी हा सौदा मला पटत नाही.

याच्या उलट, पावसाळ्यात पकड वाढावी म्हणून हवा कमी करणारेही पुष्कळ आहेत. उसाच्या शेतातील चिखलवाटेपुरते त्यात तथ्य आहे, कारण मऊ टायर भुसभुशीत जमिनीवर पसरतो. ओल्या डांबरावर मात्र टायरच्या खाचांनी पाणी बाहेर ढकलायचे असते, आणि हवा कमी असली की हे काम नीट होत नाही. शिवाय गाडी वळणात लोळल्यासारखी वाटते, हँडल जड होते, खड्ड्यात रिमला पोच येतो, आणि ट्यूबच्या टायरमध्ये ट्यूब सरकून व्हॉल्वचा देठ फाटण्याची भीती असते. शेतातून डांबरीवर आल्याबरोबर हवा भरण्याची सोय नसेल, तर ती मुळात कमी करू नये.

कोणताही आकडा निवडला तरी तो थंड टायरचा असतो. एप्रिलच्या दुपारी कराडहून महामार्गाने साताऱ्यात येऊन लगेच गेज लावल्यास २८ च्या जागी ३१-३२ दिसू शकतात. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की दाब सुमारे दीड पीएसआयने चढतो. ती जादा हवा सोडून दिली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेचा झालेला असतो. कासला चढताना उंचीमुळे गेजवर पडणारा फरक एक पीएसआयच्याही आत असतो. त्यासाठी काहीच करावे लागत नाही.

काही ठिकाणी पैसे घेऊन हवेऐवजी नायट्रोजन भरून देतात, पण साध्या हवेत मुळातच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. निव्वळ नायट्रोजन भरल्याने ओलावा टळतो आणि दाब थोडा सावकाश उतरतो, इतकेच. दर पंधरवड्याला पंपावर हवा पाहणाऱ्याने त्यासाठी वेगळे पैसे देण्याचे कारण मला दिसत नाही.

आठवड्यातील काही दिवस एकटा आणि काही दिवस डबलसीट फिरणाऱ्याची अडचण खरी आहे, कारण रोज हवा बदलणे कोणालाच जमत नाही. दोन आकड्यांत चार-पाच पीएसआयचाच फरक असेल, तर मागे डबलसीटचा आकडा ठेवावा: एकट्याला थोडे दणके बसतील, पण वजन असताना मऊ राहिलेला टायर त्याहून जास्त धोक्याचा. फरक दहाच्या वर असेल, तर एकट्याचा आकडा कायम ठेवून, सज्जनगड किंवा ठोसेघरला दोघांनी निघण्यापूर्वी गावातच मागची हवा वाढवून घ्यावी.