घरी प्रकाशसंश्लेषण शिकवताना: मटकी, हायड्रिला की आयोडीन?

झाड आपलं अन्न उजेडात स्वतः तयार करतं, हे लहान मुलाला घरी दाखवायला तीन प्रयोग सोयीचे आहेत. खर्च तिन्हींचा किरकोळच. फरक आहे तो मूल त्यातून नेमकं काय उचलतं, यात.

मटकीचा प्रयोग सगळेच आधी करतात. मिसळीसाठी भिजवलेल्या मटकीतले वीसेक दाणे काढायचे, दोन वाट्यांत ओल्या कापसावर पसरायचे. एक वाटी खिडकीत, दुसरी कपाटात. पाणी साचलं की बुरशी येते, म्हणून कापूस फक्त ओलसर ठेवा. गोम पुढे आहे. आठवड्याभराने कपाटातली रोपं जास्त उंच दिसतात आणि पट्टी लावून मोजणारं मूल म्हणतं, "अंधारातलं जास्त वाढलं!" त्याचं काही चुकलेलं नाही. दाण्यातला साठा वापरून रोप उजेडाच्या शोधात नुसतं लांबत असतं. उंचीऐवजी रंग, पानाचा आकार आणि देठाची जाडी बघायला लावा. प्रयोगही तिथेच थांबवू नका. साठा संपला की हीच रोपं माना टाकतात. नवरात्रात देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात घट बसवला असेल, तर पिवळं धान आयतंच दाखवता येतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला एवढं पुरे. पण अन्न तयार होताना यात काही दिसत नाही.

ते दिसतं हायड्रिलात, आणि एकच प्रयोग करणार असाल तर हाच करा. मत्स्यालयाच्या दुकानात ही पाणवनस्पती जुडीने मिळते. कोल्हापूरच्या रंकाळा तलावावरची जलपर्णी चालणार नाही, तिची पानं पाण्याबाहेर असतात. सात-आठ सेंटीमीटरची ताजी फांदी घ्या, देठ ब्लेडने तिरका कापा (हे काम मोठ्यांचं) आणि कापलेलं टोक वर राहील अशी उंच काचेच्या ग्लासात उलटी बुडवा. शेंड्याकडे दोऱ्याने एखादा खडा बांधा, नाहीतर ती वर तरंगते. अर्धा लिटर नळाच्या पाण्यात पाव चमचा खायचा सोडा विरघळवा. त्यातून वनस्पतीला कार्बन मिळतो. उकळून गार केलेलं किंवा आरओचं पाणी सोड्याशिवाय वापरलं तर बुडबुडे जेमतेम येतात.

ग्लास उन्हात ठेवला की थोड्या वेळात टोकातून बुडबुड्यांची माळ सुटते. अन्न तयार होताना बाहेर पडणाऱ्या ऑक्सिजनचे हे बुडबुडे. मुलाला मिनिटभर मोजू द्या. मग ग्लासावर जाड काळं कापड टाका, पाच मिनिटांनी उचलून लगेच पुन्हा मोजा: माळ तुटलेली असते, आणि उजेड मिळाला की हळूहळू परत सुरू होते. १७७९ मध्ये डच शास्त्रज्ञ यान इंगेनहाउझ यांनी पाण्यातल्या पानांवरच्या बुडबुड्यांवरूनच उजेडाचं महत्त्व ओळखलं होतं. शेजारी वनस्पतीविना, पण तेच सोड्याचं पाणी असलेला दुसरा ग्लास ठेवायला विसरू नका. पाणी तापल्यावर विरघळलेली हवाही सुटते आणि काचेला चिकटते. तो ऑक्सिजन समजू नये.

आयोडीनचा प्रयोग सर्वांत पक्का पुरावा देतो, पण नऊ-दहा वर्षांच्या आत नको. जास्वंदीची कुंडी दोन दिवस अंधारात ठेवा, म्हणजे पानातला जुना स्टार्च, म्हणजे तयार अन्नाचा साठा, संपतो. मग एका पानाच्या मध्यावर दोन्ही बाजूंनी काळा कागद क्लिपने लावून कुंडी पाच-सहा तास कडक उन्हात ठेवा. पान तोडून मिनिटभर उकळा. पुढचा टप्पा जोखमीचा: स्पिरिट कधीही आचेवर धरायचं नाही. गॅस पूर्ण बंद करा, उकळत्या पाण्याच्या पातेल्यात स्पिरिटची वाटी ठेवा, खिडक्या उघडा. पान पांढुरकं झालं की कोमट पाण्यात धुऊन त्यावर टिंक्चर आयोडीन टाका. स्टार्च असेल तिथे आयोडीन निळं-काळं होतं, म्हणून उघडा भाग निळा-काळा होतो, झाकलेला पिवळसर तपकिरी राहतो. कांद्याची पात घेऊ नका, तिच्यात स्टार्च साठत नाही.

जून ते सप्टेंबर कोल्हापुरात ऊन भरवशाचं नसतं, त्यामुळे आयोडीनचा प्रयोग दिवाळीनंतर करावा. हायड्रिलाला पावसाळ्यातही अडचण नाही, एलईडी दिवा ग्लासापासून वीतभर अंतरावर ठेवला तरी चालतो. फक्त बुडबुडे कमी येतात.