बारा फुटी सपाट तळाची होडी आणि बासचा गळ: न्यू जर्सीतील तीन हंगामांनंतरचा अभिप्राय

मध्य न्यू जर्सीत राहून बास मासा गळाने पकडण्याची आवड जोपासणाऱ्याला होडी निवडताना सर्वांत आधी पाण्याचे नियम पाहावे लागतात. आमच्या घरापासून जवळ असलेले मर्सर लेक, असनपिंक लेक आणि मनॅस्क्वान जलाशय या तिन्ही ठिकाणी पेट्रोलच्या इंजिनाला परवानगी नाही. तेथे केवळ बॅटरीवर चालणारी मोटर किंवा वल्ही चालतात. उत्तरेकडील स्प्रूस रन आणि राउंड व्हॅली या मोठ्या जलाशयांवरही दहा अश्वशक्तीची मर्यादा आहे. अशा परिस्थितीत चकचकीत फायबरची, दीडशे-दोनशे अश्वशक्तीची बास-बोट घेणे म्हणजे पैसे अंगणात उभे करून ठेवणे होय. या विचाराने मी बारा फूट लांबीची, सपाट तळाची ॲल्युमिनियमची जुनी होडी तिच्या ट्रेलरसह विकत घेतली, तिला मिन कोटा कंपनीची 30 पौंड रेट्याची (पाण्यात होडी ढकलण्याच्या ताकदीची) मोटर लावली आणि तीन हंगाम ती वापरली. मोटरीबद्दल मी पूर्ण समाधानी आहे, होडीबद्दल काही अटींवर समाधानी आहे, आणि सुरुवातीला हौसेने घेतलेले महागडे रीळ ही माझ्या मते चुकीची खरेदी होती.

येथे ‘बास’ म्हणजे कोणता मासा, हे आपल्या वाचकांसाठी स्पष्ट करणे आवश्यक आहे. माझे बालपण पेणच्या खाडीकाठी गेले असल्यामुळे इंग्रजी पुस्तकांत ज्याला आशियाई सी-बास म्हणतात तो आपला जिताडा मला चांगला परिचयाचा आहे. अमेरिकेतील लार्जमाउथ बासचा मात्र त्याच्याशी जवळचा संबंध नाही. तो गोड्या पाण्यातील सनफिश कुळातला मासा आहे. तरीही दोघांची शिकारीची रीत पाहिली की मन खाडीवर जाते, कारण दोघेही बुडालेल्या फांदीच्या किंवा खांबाच्या आडोशाला दबा धरून बसतात आणि भक्ष्य टप्प्यात आले की एका झेपेत ते तोंडात ओढून घेतात. या सवयीमुळेच होडीची गरज निर्माण होते. काठावरून फेकलेले आमिष बहुतेक वेळा उघड्या पाण्यात पडते, तर मासा पाणकमळांच्या कडेला किंवा पडलेल्या झाडाच्या सावलीत असतो, आणि तेथपर्यंत आवाज न करता पोहोचायला उथळ पाण्यात तरंगणारी होडी लागते.

सपाट तळाच्या या होडीला येथे ‘जॉन बोट’ म्हणतात. विक्रेते तिचे माप चार आकड्यांत सांगतात. ‘1232’ म्हणजे लांबी 12 फूट आणि तळाची रुंदी 32 इंच. नवख्या माणसाचे लक्ष पहिल्या दोन आकड्यांवर जाते, परंतु आपली सुरक्षितता शेवटच्या दोन आकड्यांवर अवलंबून असते. माझी होडी 1232 आहे, आणि आज पुन्हा घ्यायची झाली तर मी निःसंशय 1436 घेईन, म्हणजे 14 फूट लांब आणि 36 इंच तळाची. कागदावर चार इंच फार वाटत नाहीत, परंतु माझ्या होडीत उभे राहून गळ फेकता येत नाही. प्रयत्न केला की कड लगेच पाण्याकडे झुकते. पहिल्याच हंगामात मित्राच्या गळाला चांगला मासा लागला, तो पाहण्यासाठी मीही त्याच बाजूला झुकलो आणि बादलीभर पाणी आत आले. पाणी कमरेएवढेच होते म्हणून निभावले. त्या दिवसापासून माझ्या होडीत एक नियम आहे: मासा लागला तर दुसऱ्याने आपल्या जागी, मध्यरेषेवर बसून राहायचे आणि जाळे हातात लांबवून द्यायचे.

होडी किती माणसे पेलू शकते याची पट्टी वीस फुटांपेक्षा लहान होडीवर कारखान्यातूनच लावलेली असते. जुन्या होडीवरील पट्टी झिजलेली किंवा निघालेली असेल तर लांबी आणि रुंदी फुटांत मोजून त्यांच्या गुणाकाराला पंधराने भागण्याचा ठोकताळा वापरतात. माझ्या होडीची वरची रुंदी चार फूट आहे. बारा गुणिले चार भागिले पंधरा म्हणजे तीन माणसे झाली. हा आकडा शांत पाण्यात बसून जाणाऱ्या तिघांचा आहे. बॅटरी, मोटर, नांगर, आमिषांची पेटी आणि वारंवार हालचाल करणारी माणसे यांचा विचार केला तर गळ टाकण्यासाठी ही होडी दोघांचीच आहे, असे माझे ठाम मत आहे.

गेल्या वर्षी वडील भारतातून आले असताना त्यांना असनपिंकवर नेले होते. त्यांनी होडीत बसण्याआधी तिच्या कडेची उंची वितीने मोजली, तळ हाताने दाबून पाहिला आणि म्हणाले, “हिला पोटच नाही रे. शांत पाण्यात चांगली आहे, पण वारा सुटला की काठ गाठायचा, मग मासा लागत असला तरी.” ॲल्युमिनियमच्या होडीत ते प्रथमच बसत होते, परंतु त्यांचे निदान अचूक होते. सपाट तळ लाट कापत नाही, तिच्यावर आपटतो. मर्सर लेक लांबट असल्यामुळे वारा त्याच्या लांबीच्या दिशेने वाहू लागला की लाटांना वाढायला वाव मिळतो, आणि परतताना नाळेवरून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरून, पाणी आत उडते. शिवाय त्या तलावावर वल्हवणाऱ्या खेळाडूंचा सराव चालतो. त्यांच्या अरुंद, लांब नावांचा मार्ग सोडून काठाकाठाने राहणे हे शिष्टाचाराचे आहे आणि बासच्या दृष्टीनेही तीच जागा योग्य असते.

माझी होडी कोणत्या कारखान्याची आहे हे मी येथे लिहीत नाही, कारण ती जुनी आहे आणि तिच्या दोषांत आधीच्या मालकाच्या हातांचाही वाटा आहे. रिव्हेट मारलेल्या होडीचे रिव्हेट काळानुसार ढिले होतात. माझ्या होडीत तीन तासांत तळाला अर्धा इंच पाणी जमत असे. गळती शोधण्याची सोपी युक्ती म्हणजे होडी ट्रेलरवरच ठेवून तिच्यात थोडे पाणी भरणे आणि खाली कोठे थेंब सुटतात ते खडूने खुणावणे. त्यापेक्षा गंभीर दोष लाकडी फळीचा होता. पूर्वीच्या मालकाने तळावर टिकाऊ म्हणून औषध मारलेले लाकूड बसवले होते. कीड लागू नये म्हणून अशा लाकडात तांब्याचे क्षार मुरवलेले असतात आणि ओलाव्यात तांबे व ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. फळी उचलली तेव्हा खाली पांढरी भुकटी आणि टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे दिसले. जुनी होडी घेणाऱ्याने फळी किंवा गालिचा उचलून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि विकणारा उचलू देत नसेल तर तो व्यवहार सोडून द्यावा.

आता मोटर. मिन कोटा ही 1934 साली नॉर्थ डकोटातील फार्गो येथे सुरू झालेली कंपनी आहे. मिनेसोटा आणि डकोटा या शेजारी राज्यांच्या नावांतून तिचे नाव तयार झाले. माझ्याकडे तिची एन्ड्युरा सी2 ही साधी, हाताने वळवायची, मागच्या फळीवर अडकवायची मोटर आहे. पुढे जाण्यासाठी पाच आणि मागे येण्यासाठी तीन गती एवढीच तिची रचना आहे, आणि त्या साधेपणामुळेच ती मला आवडते. भरलेल्या होडीच्या दर शंभर पौंड वजनाला किमान दोन पौंड रेटा असावा असा ठोकताळा आहे. आम्ही दोघे आणि सर्व सामान धरून माझी होडी साडेपाचशे पौंडांच्या आसपास जाते, म्हणजे हिशेबाने 11 पौंड रेटा पुरतो. उरलेली ताकद समोरून वारा आला की कामाला येते, त्यामुळे ती चैन समजू नये. दुसऱ्या गतीवर ही मोटर इतकी शांत चालते की पाणकमळांवर बसलेला बगळाही उडत नाही.

मोटरीपेक्षा बॅटरीचा विचार अधिक करावा लागतो. गाडीची बॅटरी इंजिन सुरू करताना क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी बनवलेली असते. तासन्‌तास हळूहळू रिकामी होण्यासाठी ‘डीप सायकल’ प्रकारचीच बॅटरी हवी. ही मोटर पूर्ण वेगाने साधारण 30 अँपिअर ओढते. शंभर अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते, म्हणून पूर्ण वेगाने दीड तासाच्या वर भरवसा धरू नये. कमी गतीवर मात्र सकाळ सहज निघते. शिशाची बॅटरी सुमारे साठ पौंड भरते, तर लिथियम-आयर्न-फॉस्फेटची त्याच क्षमतेची बॅटरी पंचवीस-तीस पौंडांत येते. अरुंद होडीत हा फरक जाणवतो, त्यामुळे दुसऱ्या हंगामात मी लिथियमची बॅटरी घेतली. तिला तिच्यासाठीचाच चार्जर लागतो. बॅटरी नाळेकडे ठेवून जाड वायर मागे आणावी, म्हणजे मागे बसलेला माणूस आणि मोटर यांचे वजन तोलले जाते. आणि बॅटरीच्या जवळ सर्किट ब्रेकर अवश्य बसवावा.

नांगराबाबत एक गोष्ट मला पोटतिडकीने सांगावीशी वाटते. लहान होडीचा नांगर कधीही मागच्या बाजूने टाकू नये. मागची कड मोटरीच्या वजनाने आधीच खाली असते. तेथे दोरी ताणली गेली आणि लाट आली की पाणी थेट आत येते. नांगर नाळेवरूनच टाकावा. तसेच जीवरक्षक जाकीट होडीत असणे आणि अंगावर असणे यांत फरक आहे. कायद्याने प्रत्येक माणसामागे एक जाकीट होडीत असावेच लागते, आणि न्यू जर्सीत बारा वर्षे व त्याखालील मुलांनी ते घातलेले असावे लागते. परंतु एप्रिलमध्ये ऊन छान पडलेले असताना पाणी मात्र पन्नास अंश फॅरनहाइटच्या आसपास असते, आणि तशा पाण्यात अचानक पडल्यावर उत्तम पोहणाऱ्याचाही श्वास अडकतो. माझ्या होडीत मोठ्या माणसांनाही जाकीट घातल्याशिवाय बसू दिले जात नाही.

गळाच्या सामानावर मी सुरुवातीला अनावश्यक खर्च केला. एका नामांकित कंपनीचे, काठीच्या वर बसणारे बेटकास्टर प्रकारचे रीळ घेतले आणि पहिले दोन महिने दोऱ्याचा गुंता सोडवण्यात घालवले. त्या रिळाचा गाभा दोरा सुटताना स्वतः फिरतो. आमिष हवेत मंदावले तरी गाभा फिरत राहिला की आत घरट्यासारखा गुंता होतो, आणि बसून, वाऱ्यात, हलके आमिष फेकताना तो हमखास होतो. शिकणाऱ्याने 2500 मापाचे स्पिनिंग रीळ (ज्याचा गाभा दोरा सुटताना फिरत नाही) आणि साडेसहा फुटांची मध्यम ताकदीची काठी घ्यावी. शेक्सपिअर कंपनीची अग्ली स्टिक जीएक्स2 ही काठी पन्नास डॉलरच्या आसपास मिळते. ग्राफाइट आणि फायबरग्लास यांच्या मिश्रणामुळे ती थोडी जड आहे आणि अगदी हलका टोच महागड्या काठीइतका बोटांना कळत नाही, परंतु होडीत पायाखाली आली, ट्रेलरच्या कडेला आपटली, तरी माझी काठी शाबूत आहे. सात फुटांहून लांब काठी बारा फुटी होडीत सोबत्याच्या डोक्याला लागते, हेही लक्षात ठेवावे.

दोरा विणलेला, दहा पौंड ताण पेलणारा घ्यावा आणि पुढे सहा-सात फूट आठ पौंड ताण पेलणाऱ्या फ्लोरोकार्बनचा (पारदर्शक दोऱ्याचा) तुकडा जोडावा. आपल्याकडचा तंगूस ताणला की लांबतो. विणलेला दोरा जवळजवळ लांबत नाही, त्यामुळे माशाने आमिष तोंडात घेतल्याचे लगेच समजते. आमिषांच्या दुकानात रंगांची जत्रा असते, पण माझ्या तीन हंगामांतील बहुतेक मासे गॅरी यामामोटोच्या पाच इंची सेन्को या मऊ काडीसारख्या आमिषावर लागले. त्यात मीठ असल्यामुळे ते शिशाशिवाय संथपणे, थरथरत खाली जाते आणि बहुधा त्या उतरण्यातच मासा ते घेतो. पाणकमळांत जायचे असेल तर टेक्सास पद्धतीने ओवावे, म्हणजे गळाचे टोक आमिषाच्या अंगात लपवावे आणि पुढे पाव औंसाचे शिसे ठेवावे. मग ते गवतात अडकत नाही.

सोळा वर्षे व त्यावरील व्यक्तीला सहसा मासेमारीचा परवाना लागतो, आणि होडीला बॅटरीची मोटर लावली तरी तिची नोंदणी करावीच लागते. न्यू जर्सीत 15 एप्रिल ते 15 जून हा काळ बाससाठी केवळ पकडून सोडण्याचा आहे. याच दिवसांत नर उथळ पाण्यात घरटे करून अंड्यांवर पहारा देतो. त्याला दूर नेले तर लहान सनफिश काही मिनिटांत अंडी फस्त करतात. म्हणून फोटोसाठी मासा होडीत फिरवू नये; हात ओले करून त्याला धरावे, मोठा असेल तर पोटाखाली दुसरा हात द्यावा आणि जेथे लागला तेथेच सोडावे.

या हिवाळ्यात होडी उलटी करून ओट्यावर ठेवली आहे. ट्रेलरवर सरळ ठेवायची झाल्यास मागची बूच काढून नाळ उंच करावी लागते, नाहीतर साचलेले पाणी गोठून फुगते आणि ढिले रिव्हेट आणखी ढिले होतात. मार्चअखेर रिव्हेटांवर पुन्हा सागरी सीलंट लावायचे आहे, औषध मारलेल्या फळीच्या जागी साध्या प्लायवुडला इपॉक्सी लावून ती बसवायची आहे, आणि बुचीची एक जादा जोडी किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून ठेवायची आहे.