मोजलेली उष्णता की गणिताने काढलेली?
अणुभट्टीतून काढलेलं इंधन वर्षानुवर्षं तापतच राहतं. ही उष्णता किती, यावर माझा पहिला भरवसा मोजणीवर. स्वीडनमधल्या ‘क्लाब’ साठवण केंद्रात इंधनाचा एकेक जुडगा पाण्याखालीच उष्णतामापीत बंद करतात आणि आतलं पाणी किती वेगाने तापतंय ते बघतात. मापी आधी विजेच्या हीटरने पारखून घेतलेला असतो. बाहेर निसटलेल्या गॅमा किरणांचा हिशेबही धरावा लागतो. पण हजारो जुडगे असे मोजणार कधी? तिथे उष्णता गणिताने काढणारी ‘ओरिजेन’सारखी संगणक-प्रणालीच हवी. ती पुढच्या शंभर वर्षांचाही आकडा झटपट देते. मात्र भट्टीतल्या वापराची नोंद चुकली, की आकडाही चुकलाच. आणि चूक परवडत नाही: हे इंधन शेवटी तांब्याच्या डब्यात घालून जमिनीत खोल पुरायचं आहे, आणि डब्याभोवतीची बेंटोनाइट माती (पाणी अडवणारी चिकणमाती) 100 अंश सेल्सिअसच्या आतच राहायला हवी.