विजेवर तापणारी 'इंधनकांडी' : एका सत्राच्या वापरानंतरचा अभिप्राय

अणुभट्टीतील इंधनकांडीवर पाणी कसे उकळते हे युरेनियमविना अभ्यासायचे, तर तिच्या जागी विजेवर तापणारी कांडी ठेवावी लागते. सोलापुरातील आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी अशा तीन कांड्या आम्ही एका लहान हीटर कारखान्याकडून करून घेतल्या. व्यास 12 मिमी, तापणारी लांबी 300 मिमी आणि क्षमता 3 किलोवॅट. आत निक्रोम तारेची गुंडाळी, तिच्याभोवती ठासून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी आणि वर स्टेनलेस स्टीलचे आवरण.

कारागिरी उत्तम आहे. पावसाळ्यात एका कांडीचे इन्सुलेशन मेगरवर (विद्युतरोध मोजणाऱ्या उपकरणावर) उतरलेले दिसले, कारण ही भुकटी हवेतील ओल शोषते. कारखान्याने ती कांडी भट्टीत सुकवून, तोंड नव्याने बंद करून विनामूल्य परत दिली.

पूर्ण क्षमतेवर पृष्ठभागातून दर चौरस मीटरला सुमारे 265 किलोवॅट उष्णता बाहेर पडते. वातावरणीय दाबाखाली स्थिर पाण्यात वाफेचा थर कांडीला वेढून ती जळण्याची मर्यादा दर चौरस मीटरला साधारण 1 मेगावॅट असल्यामुळे, शिरो नुकियामा यांनी 1934 साली मांडलेल्या उत्कलन-वक्राचा (पृष्ठभागाच्या तापमानानुसार उष्णताप्रवाह कसा बदलतो ते दाखवणाऱ्या आलेखाचा) बुडबुड्यांचा चढ येथे दिसतो, शिखर मात्र दिसत नाही. विद्यार्थ्यांच्या हाती देण्यासाठी मला 3 किलोवॅटची हीच मर्यादा योग्य वाटते.

खरी तक्रार थर्मोकपलविषयी, म्हणजे आवरणात बसवलेल्या तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीविषयी आहे. त्याचे टोक आवरणात नेमके किती खोल बसवले आहे, हे नकाशात दिलेलेच नव्हते. या उष्णताप्रवाहाला स्टेनलेस स्टीलच्या 1 मिमी जाडीत सुमारे 16 अंशांचा फरक पडतो, आणि पृष्ठभाग पाण्याच्या उत्कलनबिंदूहून जितका अधिक तापतो तो फरकही जवळपास तेवढाच असतो. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या अनिश्चिततेने मोजमापाचा निम्मा अर्थच जातो. अखेर एक कांडी कापून ती खोली आम्हाला स्वतः मोजावी लागली, आणि चांगली चालणारी वस्तू केवळ एका आकड्यासाठी नष्ट करताना फार वाईट वाटले.

घेणाऱ्यांनी बोअरचे पाणी वापरू नये. क्षारांची पुटे चढून पृष्ठभागाचे तापमान फसवे दिसते. अणुभट्टीत मध्यभागी उष्णता अधिक असते, म्हणून पुढील कांड्यांची गुंडाळी मधे दाट मागवली आहे. थर्मोकपलची खोली नकाशावर लिहून मिळाल्यावरच आगाऊ रक्कम देऊ, असेही कारखान्याला कळवले आहे.