आयएचएसएस वर्षभर वापरल्यावर: सेवा उत्तम, स्वयंपाकाचा हिशेब भिकार

कॅलिफोर्नियात ज्यांचे आईवडील मेडी-कॅलवर, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यावर, आहेत त्यांना आयएचएसएस (इन-होम सपोर्टिव्ह सर्व्हिसेस, म्हणजे वृद्ध-अपंगांच्या घरी येणाऱ्या मदतनीसाला मंजूर तासांचा पगार देणारी सरकारी योजना) काय आहे ते नव्याने सांगायला नको. अर्ज, डॉक्टरांचा फॉर्म, सोशल वर्करची घरभेट हे सगळं तुम्ही केलेलं असणार किंवा करणार असाल, म्हणून ते गाळते. लिहायला बसले ती काउंटीकडून (म्हणजे जिल्हा प्रशासनाकडून) आलेल्या नोटिशीमुळे. वार्षिक फेरपाहणीनंतर सासूबाईंच्या स्वयंपाकाला आठवड्याचे १ तास ४५ मिनिटं मंजूर झाली आहेत. म्हणजे रोज पंधरा मिनिटं, आणि त्यात तिन्ही वेळचं खाणं. आमच्याकडे तेवढ्यात कुकरसुद्धा उतरत नाही.

हा आकडा येतो कुठून ते बघा. स्वयंपाकाला नियमावलीत आठवड्याला साधारण ७ तासांची कमाल आहे. आधी तेवढे मिळत होते. यंदा नवीन सोशल वर्कर आल्या, त्यांनी घरात माणसं किती ते विचारलं, आम्ही चार म्हणालो आणि त्यांनी सातला चाराने भागलं. याला प्रोरेशन म्हणतात. झाडलोट, कपडे, वाणसामान, स्वयंपाक अशी कामं घरातले सगळे मिळून वापरत असतील तर सरकार फक्त लाभार्थीच्या वाट्याचे पैसे देतं. तत्त्व मला मान्य आहे. माझ्या मुलीच्या पास्त्याचे पैसे करदात्यांनी का द्यावेत? झाडलोटीचे तास पहिल्या दिवसापासून भागलेले आहेत, त्यावर मी कधी चकार शब्द काढला नाही.

पण आईंना, म्हणजे सासूबाईंना, स्ट्रोकनंतर गिळायला त्रास होतो. त्यांचं सगळं वेगळं शिजतं, मिक्सरमधून निघतं, गाळलं जातं. पाण्यातसुद्धा घट्ट करायची पावडर घालावी लागते. त्यांच्या वाटीतलं आम्ही कोणी खात नाही. आणि नियम असा आहे की गरज सामायिक असेल तरच भागाकार करायचा. वेगळं शिजत असेल तर करायचा नाही. हे मी पाहणीच्या वेळी गॅससमोर उभी राहून सांगितलं होतं. बाईंनी मान डोलावली आणि भागाकार केला.

आता थोडं न्यायाने. हॉस्पिटलमधून सोडताना आम्हाला नर्सिंग होमची यादी हातात दिली होती. मेडी-कॅल तिथला खर्च उचलतं, पण रुग्णाचं पेन्शन जवळपास सगळं तिकडे जातं आणि हातखर्चाला महिन्याला ३५ डॉलर उरतात. आईंनी ते ऐकून विचारलं, "पस्तीस रुपये का डॉलर?" १९६५ साली मेडिकेड (मेडी-कॅल हे त्याचंच कॅलिफोर्नियातलं रूप) सुरू झालं तेव्हापासून नर्सिंग होमचा खर्च देणं ते राबवणाऱ्या प्रत्येक राज्याला बंधनकारक आहे, घरच्या मदतीचा बराचसा भाग मात्र राज्याच्या मर्जीवर. १९९९ च्या ओल्मस्टेड खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की घरी राहू शकणाऱ्या माणसाला विनाकारण संस्थेत ठेवणं हा भेदभाव आहे. तरी यादी नर्सिंग होमचीच मिळते. कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकापासून आयएचएसएस आहे हे आमचं नशीब.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मालक आई आहेत. पगार सरकार देतं, पण माणूस निवडणं, ठेवणं, काढणं हे लाभार्थीच्या हातात. आमच्याकडे येणाऱ्या ताई बोटांचे ठसे, पार्श्वभूमी तपासणी, ओरिएंटेशन हे सगळं करून आल्या आहेत. त्या आमच्या घरात राहत नसल्यामुळे आल्या-गेल्याची नोंद त्यांना फोनवर करावी लागते. सुरुवातीला मला ही पाळत वाटायची, आता वाटत नाही, कारण तासांवरून वाद झालाच तर तीच नोंद कामाला येते. दर पंधरवड्याला टाइमशीट आई फोनची बटणं दाबून मंजूर करतात. भाषा निवडायला इंग्रजी, स्पॅनिश, चिनी आणि आर्मेनियन आहेत, हिंदीसुद्धा नाही. तरी त्यांनी ते पाठ केलं. उजवा हात चालत नाही म्हणून डाव्या हाताने कॅलेंडरवर ताईंच्या वेळा लिहितात आणि फोनवर सगळ्यांना सांगतात, "माझ्या मंजुरीशिवाय त्यांचा पगार होत नाही." आयुष्यभर घरखर्चाला हात पसरलेल्या बाईचा हा रुबाब बघण्यासारखा आहे.

पण 'नर्सिंग होमला पर्याय' हे ऐकून नोकरीवर निवांत जाल असं समजू नका. महिन्याची कमाल २८३ तास, आणि आईंना त्याच्या निम्मेही नाहीत. रात्री उठणं, कूस बदलणं घरच्यांकडेच. नर्सिंग होममध्ये निदान रात्रपाळीला कोणीतरी असतं. माझ्या नवऱ्याची झोप या योजनेच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

हे सगळं लिहून ठेवलं होतं, पोस्ट करायच्या आत नोटिशीविरुद्धच्या अपिलाचा निकाल लागला, म्हणून पुढचं जोडते.

नोटीस आल्यावर ९० दिवसांत स्टेट हिअरिंग, म्हणजे राज्याकडे सुनावणी, मागता येतं. पण कपात लागू व्हायच्या तारखेआधी मागितलं तर निकाल लागेपर्यंत जुने तास चालू राहतात. ही तारीख नोटिशीवरच असते. लिफाफा टेबलावर पडू देऊ नका. हिअरिंग काउंटी घेत नाही, राज्याचा न्यायाधीश घेतो, फोनवरही होतं, दुभाषा फुकट मिळतो. मी गिळण्याच्या तपासणीचा रिपोर्ट, स्पीच थेरपिस्टचं पत्र आणि आठवडाभराच्या स्वयंपाकाची वेळांसकट नोंद लावली. सुनावणीच्या तारखेच्या आधीच काउंटीच्या अपील विभागातून फोन आला. बाई सभ्य होत्या, कागद वाचून बोलत होत्या. आम्ही फेरविचार करतो, तुम्ही सशर्त माघार घ्या, म्हणाल्या. ती शर्त लेखी आल्यावरच घेतली. नवीन नोटिशीत ७ तास परत आले. वकिलाचा खर्च शून्य, म्हणून माझा सूर वरच्यापेक्षा बराच खाली आलाय.

तर घ्यावी का ही सेवा? घ्या. अंघोळ, कपडे, संडास-लघवी, भरवणं यांचे तास माणसांत भागत नाहीत, ते नीट मागून घ्या. दुखणं चांगल्या दिवसाचं सांगू नका, आपल्या लोकांना पाहुण्यासमोर "बरं आहे" म्हणायची खोड असते. ठेवी मोजून ठेवा. २०२४ पासून मेडी-कॅलला मालमत्तेची अट नव्हती, १ जानेवारी २०२६ पासून ती परत आली आहे, एका माणसाला कमाल १,३०,००० डॉलर. राहतं घर त्यात धरत नाहीत.

आणि जेवणानंतरच्या भांड्यांचे तास अजून चाराने भागलेलेच आहेत. मिक्सरचं भांडं, गाळणी आणि घट्ट पाण्याचे पेले एकट्या आईंचे असतात. पुढच्या पाहणीला ते वेगळे मांडून ठेवणार आहे.