बाळाला बांबोळीला पाठवावे की तालुक्यातच ठेवावे?

जननेंद्रियांवरून मुलगा की मुलगी हे सांगता येत नाही असे बाळ गोव्यातल्या काणकोण, वाळपई किंवा पेडण्याच्या छोट्या इस्पितळात जन्मले, तर तिथल्या डॉक्टरपुढे दोन मार्ग असतात. एक म्हणजे बाळाला लगेच बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या मोठ्या इस्पितळात, पाठवणे. दुसरा म्हणजे बाळ आईपाशी ठेवून फक्त रक्ताचे नमुने पुढे पाठवणे.

ठेवण्याच्या बाजूने बोलणारी कारणे खरी आहेत. काणकोणहून बांबोळी 60 किलोमीटरांहून दूर आहे, बाळंतिणीचे सिझेरियन झालेले असेल तर मायलेकरांची ताटातूट होते आणि अंगावरचे दूध सुरू व्हायच्या आतच तुटते. तरीही दोन्ही वृषणे हाताला लागत नसतील, तर मी पाठवण्याचाच आग्रह धरेन. अशा बाळाला कंजेनिटल ॲड्रिनल हायपरप्लेझिया (मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथींचा जन्मजात आजार, ज्यात मुलीचे जननेंद्रिय मुलासारखे दिसू शकते) आहे असे, तसे नसल्याचे सिद्ध होईपर्यंत, धरून चालावे लागते. या आजाराच्या 90 टक्क्यांहून अधिक रुग्णांत 21-हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम कमी पडते. त्यांपैकी बहुतेकांच्या शरीरातून मीठ निसटत जाते, सोडियम उतरते आणि पोटॅशियम चढते. पहिल्या दोन-तीन दिवसांत हे आकडे सामान्य येऊ शकतात, त्यामुळे तेवढ्यावर विसंबून घरी सोडलेले बाळ दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे नेमके बारशाच्या सुमारास, उलट्या करू लागते, वजन गमावते आणि कोसळते. बाहेरून पूर्ण मुलगा दिसणाऱ्या, पण वृषणे न सापडणाऱ्या बाळाबाबत ही चूक सर्वांत सहज होते.

या आजारात रक्तात वाढणाऱ्या 17-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा नमुना जन्मानंतर 48 तासांनी घेतलेला बरा, कारण त्याआधी ते निरोगी बाळातही वाढलेले असते. बाळ कोसळलेच, तर अहवालाची वाट पाहू नये: शक्य असल्यास नमुना काढून ठेवावा आणि सलाइन, ग्लुकोज व हायड्रोकॉर्टिसोनचे (ॲड्रिनलच्या कमी पडणाऱ्या संप्रेरकाचे) 25 मिलिग्रॅमचे इंजेक्शन देऊन मगच रुग्णवाहिका हलवावी. हे इंजेक्शन स्वस्त असते, आणि ते छोट्या इस्पितळातही असलेच पाहिजे.

वृषणे हाताला लागत असतील आणि बाळ नीट दूध पीत असेल, तर ठेवण्याचा मार्ग योग्य ठरतो. रोज वजन, ठरावीक दिवसांनी सोडियम-पोटॅशियम, गर्भाशय आहे का हे पाहणारी सोनोग्राफी आणि गुणसूत्रांसाठी रक्ताचा नमुना, एवढे तालुक्यातून जमते. मीठ निसटण्याचे काही दुर्मीळ प्रकार इथेही असू शकतात, म्हणून वजनाकडे दुर्लक्ष नको.

दोन्ही मार्गांत आईबापांना ‘मुलगीच असावी’ असे अंदाजाने सांगू नये. ‘बाळाची वाढ अजून पूर्ण झालेली नाही, तपासण्या होईपर्यंत आम्ही बाळच म्हणू’ एवढे पुरते. जन्मनोंदणीसाठी 21 दिवसांची मुदत असते आणि नाव नंतरही घालता येते, त्यामुळे पहिल्याच दिवशी कागद भरण्याचे कारण नाही.

शस्त्रक्रियेचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यात मात्र थांबण्याचे पारडे जड आहे. 2019 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तामिळनाडूने जीवाला धोका नसताना बालकांवर अशा शस्त्रक्रिया करण्यास मनाई केली. तो आदेश गोव्याला लागू नसला, तरी त्यामागचा विचार इथल्या डॉक्टरने आईबापांना समजावून सांगावा. लघवीचा मार्ग अडलेला असेल तर तो मोकळा करायला थांबता येत नाही. बाकीचे, मूल स्वतः बोलू लागेपर्यंत, बहुतेक वेळा थांबू शकते.